कोंबडीच्या अंड्यात चपटा जंत निघाला. डीएनए तपासून नेमकं काय कळते?

पशुसखी_अर्जुनीमोरगाव

नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पशुसखीचं काम करते. कोंबड्यांना लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, टाकणं, शेळ्यांना जंताचं औषध पाजणं, बचत गटाच्या बायांच्या खुराड्यांवर नजर ठेवणं, हे माझं रोजचं. आमच्याकडे शेताशेतात बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि गावागावाला मामा (माजी मालगुजारी) तलाव. कोंबडी सोडली की दाणा टिपत टिपत पाण्यापाशीच जाते.

यंदा धान निसवायच्या वेळेला तलावाच्या पाळीला लागून जी घरं आहेत, तिथल्या कोंबड्या बिनकवचाची अंडी द्यायला लागल्या. हातात घेतलं की नुसती ओली पिशवी. काही कोंबड्यांची मागची पिसं पांढऱ्या पाण्याने चिकटलेली, चालताना पाय फाकवून चालतात, पोट खाली लोंबते. मी आधी शिंपल्याचा चुरा द्यायला लावला. टोलीवरच्या, म्हणजे पाळीपासून लांबच्या वस्तीतल्या, कोंबड्यांना तोच चारा, तेच दाणे, आणि त्यांची अंडी चांगली टणक. म्हणजे खाण्यात कमी नव्हती, फरक फक्त पाळीचा होता.

मग एका बाईने पोळीसाठी अंड फोडलं, तर पांढऱ्या बलकात जंत. काकडीच्या बीएवढा, चपटा, गुलाबीसर, मागून रुंद आणि पुढे निमुळता. कोमट मिठाच्या पाण्यात टाकला तर आखडत आणि पसरत होता. त्या घरची मेलेली कोंबडी आम्ही डॉक्टरकडे नेली. उघडल्यावर अंडनलिकेत तसेच जंत निघाले. आतड्यात मात्र वेगळे, लांबट, तोंडाभोवती कॉलर असलेले. कागदावर लिहून आलं : अंडनलिकेत प्रोस्थोगोनिमस, आतड्यात एकायनोस्टोमा, दोन्हीची जात ठरली नाही, जात पाहिजे असेल तर डीएनए करावा लागेल.

आता बाया मला विचारून राहिल्या की कोंबड्या पाळीवर सोडायच्या का नाही, बदकं विकून टाकायची का, ते अंड खाल्लं असतं तर काय झालं असतं. आणि मी स्वतः विचारते की जंताची जात समजून माह्या कामाला काय फायदा? खर्च गटाच्या पैशातून होईल, म्हणून आधी समजून घ्यायचं आहे.


कुक्कुटपालन_साकोली

ताई, माझा सल्ला सरळ आहे. डीएनएच्या मागे लागू नका. चपट्या जंतावर प्राझिक्वान्टेल चालते, डॉक्टरला विचारून वजनाप्रमाणे डोस द्या, औषधाच्या काळातली अंडी बाजारात नेऊ नका. एकायनोस्टोमाची जात रेव्होल्युटम निघो की दुसरी कोणती, औषध तेच राहणार. गटाचा पैसा जाळीला लावा.

दुसरं म्हणजे तलावाच्या काठाकाठाने मोरचूद टाका. गोगलगायी मेल्या की प्रश्नच मिटला.


पर्णकृमी_अभ्यासक

ताई, तुम्ही पाळीवरच्या आणि टोलीवरच्या कोंबड्यांची तुलना केलीत, तिथेच निम्मं निदान झालं होतं. मी परजीवीशास्त्र शिकवते आणि पक्ष्यांमधले पर्णकृमी, म्हणजे हेच चपटे जंत, हाच माझा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वात आधी मोरचूद. कृपा करून टाकू नका. मोरचुदाने गोगलगायी मरतात हे खरं, पण मासेही मरतात, आणि मामा तलावातल्या मासळीवर ढिवर समाजाची घरं चालतात. शिवाय पुढच्या पावसात वरच्या बोडीतून गोगलगायी परत येतील.

साकोलीच्या भाऊंचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे. आज कोंबडीसाठी जे करायचं, त्याला डीएनए लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली वंश कळला, तेवढं पुरे. प्रोस्थोगोनिमस कोंबडीत येतो तो चतुर खाल्ल्याने. त्याची पहिली अवस्था पाण्यातल्या लहान, झाकण असलेल्या गोगलगायीत वाढते, तिथून शेपटीवाली सर्केरिया अळी बाहेर पडते आणि चतुराच्या पाण्यातल्या अळीत शिरते. चतुराची अळी गुदद्वारातून पाणी आत ओढून श्वास घेते, त्या पाण्याबरोबर सर्केरिया आत जाते आणि पोटाच्या स्नायूंमध्ये कोष करून बसते. पुढे अळीचा चतुर झाला तरी कोष तसाच राहतो. कोंबडी अळी खावो की उडता चतुर, जंत तिच्यात पोचतोच. तिथून तो अंडनलिकेत जातो, कोवळ्या पक्ष्यात बर्सामध्ये, म्हणजे गुदद्वाराजवळच्या पिशवीत. नलिकेला सूज येते, कवच धरत नाही, कधी बलक उलटा पोटात सांडतो आणि पोटात पू होतो. पोट लोंबणाऱ्या तुमच्या कोंबड्यांचं हेच झालेलं दिसतं.

एकायनोस्टोमाचा रस्ता वेगळा. त्याची दुसरी अवस्था गोगलगायीतच किंवा बेडकाच्या पिल्लांत कोष करते. बदकं गोगलगायी आवडीने खातात, म्हणून हा जंत मुळात बदकांचा.

अंड्यात निघालेला जंत बाईंनी खाल्ला असता तर किळस वाटली असती, एवढंच. तो पक्ष्यांचा जंत आहे आणि शिजवल्यावर मरतो. एकायनोस्टोमाच्या काही जाती मात्र माणसाच्या आतड्यात राहू शकतात. तलावातल्या गोगलगायी कोणी खात असेल तर कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या खाऊ नयेत, हे गटात नक्की सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न. जात डोळ्यांनी का ठरत नाही?

एकायनोस्टोमाच्या कॉलरवर काटे असतात आणि ते मोजून ओळख करायची ही जुनी रीत. १८०२ मध्ये फ्रोलिख यांनी बदकातल्या जंताचं वर्णन केलं, तोच आजचा एकायनोस्टोमा रेव्होल्युटम. त्याला ३७ काटे. पुढे जगभरात ३७ काटे दिसले की रेव्होल्युटम म्हणायची सवय लागली. पण ३७ काट्यांच्या जाती बऱ्याच आहेत. त्यातून कोंबडी मेल्यावर दोन-चार तास गेले की काटे गळायला लागतात. जंत लहान की मोठा हे तो कोंबडीत वाढला की बदकात, गर्दीत वाढला की एकटा, काचेवर किती दाबला, यावर बदलतं. त्याच जंताला दोन जाणकार दोन नावं देतात आणि दोघांचंही मोजमाप बरोबर असतं.

१९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मॉर्गन आणि ब्लेअर या दोघांनी या ३७ काट्यांच्या गटाचा डीएनए वाचला. त्यांनी आधी आयटीएस हा तुकडा घेतला. रायबोसोमच्या जनुकांमधला हा भाग साधारणपणे जाती वेगळ्या करायला चांगला चालतो, पण या गटात तो जवळजवळ सारखाच निघाला. मग त्यांनी मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागातलं, एनडी-१ हे जनुक घेतलं आणि जाती स्वच्छ वेगळ्या झाल्या. मायटोकॉन्ड्रियाची जनुकं लवकर बदलतात, त्यामुळे नुकत्याच वेगळ्या झालेल्या भावंडांतही फरक साठलेला असतो. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतल्या कामात असं दिसलं की तिथे ज्याला रेव्होल्युटम म्हणत होते तो युरोप-आशियातल्या रेव्होल्युटमपेक्षा वेगळ्या वंशरेषेचा आहे. २०१३ मध्ये युरोपातच, बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या नव्या जाती याच गटात सापडल्या.

म्हणून प्रयोगशाळेत कोणी 'डीएनए करू' म्हटलं तर पहिला प्रश्न विचारा : कोणता तुकडा? जंत कोणत्या कुळातला हे पाहायचं असेल तर २८एस, कारण ते जनुक सावकाश बदलतं. जात पाहायची असेल तर आयटीएस, आणि एकायनोस्टोमा असेल तर त्याच्या जोडीला एनडी-१ हवंच. नुसत्या आयटीएसवर 'रेव्होल्युटम' असं लिहून आलं तर मी ते मान्य करणार नाही.

मला स्वतःला या विषयात सर्वात जास्त गुंतवणारी गोष्ट २८एस आणि तसंच सावकाश बदलणारं १८एस या जनुकांवरून पुढे आली. आपण कोंबडीचे जंत अवयवावरून ओळखतो, अंड्याचा, आतड्याचा, डोळ्याचा. नात्याचा हिशोब तसा नाही. कोंबडीच्या डोळ्यात राहणारा फिलोफ्थाल्मस ग्रॅली, ज्याचं वर्णन १९१० मध्ये हनोईच्या कोंबड्यांवरून झालं, तो निघतो आतड्यातल्या एकायनोस्टोमाचा जवळचा नातेवाईक, दोघे एकाच महाकुळात बसतात. उलट आतड्याच्या टोकाला ज्या दोन बंद पिशव्या असतात, त्या सीकममध्ये राहणारा पोस्टहार्मोस्टोमम हा त्याच कोंबडीच्या पोटात, एकायनोस्टोमापासून हातभर अंतरावरही नसतो, पण गण दुसरा. २००३ मध्ये ऑल्सन आणि सहकाऱ्यांनी पर्णकृमींची जी मोठी वंशावळ मांडली, तिच्यात दोन गण झाले, डिप्लोस्टोमिडा आणि प्लॅजिऑर्किडा. पोस्टहार्मोस्टोमम पहिल्यात, म्हणजे गुराढोरांच्या आणि बदकांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमांच्या बाजूला. प्रोस्थोगोनिमस आणि एकायनोस्टोमा दोघे दुसऱ्यात. पोस्टहार्मोस्टोममला तलावही लागत नाही, तो जमिनीवरच्या गोगलगायीतून येतो. टोलीवरच्या कोंबडीतही तो निघू शकतो, म्हणून तिथे कोणी कोंबडी कापली तर सीकम उघडून पाहायला सांगा.


कुक्कुटपालन_साकोली

मॅडम, मोरचुदाचं मागे घेतो, ढिवर लोकांचा विचार मी केला नव्हता. पण माझा मुद्दा उभाच आहे. तुम्ही म्हणता आजच्या उपायाला डीएनए लागत नाही. मग गटाने पैसे कशाला घालायचे? वंशावळ मोठ्या कॉलेजवाल्यांनी पाहावी.


चतुर_टाचणी

मध्येच बोलते. नवेगावबांधच्या बाजूला मी चतुर आणि टाचण्यांच्या नोंदी ठेवते, जंतांचं मला फार कळत नाही. पण ताईंनी दिवस सांगितले ते धान निसवायचे. त्याच दिवसांत आपल्याकडे पँटाला फ्लेवेसन्स हा पिवळसर चतुर झुंडीने असतो. त्याची अळी साचलेल्या पावसाच्या पाण्यात झपाट्याने वाढते, बांधीतल्या पाण्यातसुद्धा. तो लांबचा प्रवासी आहे, हिंद महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातो. म्हणजे कोंबडीने उडता पँटाला खाल्ला असेल तर त्यातला जंत तुमच्याच तलावातला असेल असं सांगता येणार नाही. तपासायचंच असेल तर पाण्यातली अळी धरा, ती तुमच्या पाण्यात वाढलेली असते.

आणखी एक पाहिलेलं सांगते. चतुर बहुतेक रात्री किंवा पहाटे अळीतून बाहेर येतात. गवताच्या आणि लव्हाळ्याच्या काडीवर सुकलेली कात चिकटलेली असते, तिच्या वर तो पंख वाळायची वाट पाहत बसतो. त्या वेळी त्याला उडता येत नाही, कोंबडी चोचीने सहज उचलते. दव वाळेपर्यंत आणि पावसाच्या सरीनंतर लगेच कोंबड्या काठावर जाऊ दिल्या नाहीत तर बराच फरक पडावा. काठावरच्या काती किती आहेत यावरून आज किती चतुर निघाले याचा अंदाजही घेता येतो.


पर्णकृमी_अभ्यासक

चतुर_टाचणी, उडत्या चतुराऐवजी अळी धरायची ही सूचना फार मोलाची आहे.

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. औषधाने कोंबडीतला जंत मरतो, तलाव आहे तिथेच राहतो. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा चतुर खाल्ला की पुन्हा तेच. प्रोस्थोगोनिमसमध्ये तर नलिकेचं एकदा नुकसान झालं की औषधानंतरही ती कोंबडी पूर्वीसारखी अंड्यावर येईल याची खात्री नसते. म्हणून अळी येते कुठून, हे शोधावं लागतं, आणि तिथे डोळा पूर्ण अपुरा पडतो.

मामा तलावात एका वेळी कितीतरी प्रकारच्या गोगलगायी असतात. उजवीकडे उघडणारी लिम्निया, चपट्या वेटोळ्याची इंडोप्लॅनॉर्बिस, उंच मनोऱ्याची मेलानॉइड्स, मोठी पायला, झाकणवाल्या लहान बिथिनिया कुळातल्या. यांतून बाहेर पडणाऱ्या सर्केरियांना ना अंडाशय असतो ना वृषण, म्हणजे जात ठरवायची सगळी खूणच अजून तयार झालेली नसते. एकायनोस्टोमाच्या सर्केरियाला निदान कॉलर तरी दिसते. प्रोस्थोगोनिमसची सर्केरिया टोकाला बारीक काटा असलेल्या गटातली, आणि तशा सर्केरिया इतर कितीतरी जंतांच्या असतात, बेडकांच्या, वटवाघळांच्यासुद्धा. पण डीएनए अळीत आणि मोठ्या जंतात तोच राहतो. कोंबडीतल्या जंताचा तुकडा आणि गोगलगायीतल्या सर्केरियाचा तुकडा जुळला की कोणती गोगलगाय, तलावाचा कोणता कोपरा, हे पक्कं होतं. कदाचित असं निघेल की सगळा त्रास पाळीच्या एका सखल कोपऱ्यातून, जिथे सांडपाणी आणि पाणवनस्पती साठतात, तिथूनच येतो. मग सगळ्या तलावाला जाळी नको, तेवढा कोपरा साफ करायचा आणि तेवढ्याच बाजूला कुंपण घालायचं. जाळीचा पैसा वाचवायलाच ही तपासणी आहे.

बदकं विकायची का, याचं उत्तरही याच जुळणीत आहे. हिवाळ्यात अडई आणि बाहेरून येणारी तलवार बदकं तुमच्या तलावावर उतरतात. पाळीव बदकांतला एकायनोस्टोमा आणि जंगली बदकांची विष्ठा पडते त्या कोपऱ्यातल्या गोगलगायीतला एकायनोस्टोमा एकच निघाला, तर पाळलेली बदकं विकून काही साधणार नाही. वेगळा निघाला तर बदकं रात्री काठापासून लांब बंद करून त्यांची विष्ठा पाण्यात जाऊ न देणं हा उपाय लागू पडेल. तोपर्यंत कोणाचीही बदकं विकायला लावू नका.

एक सावधगिरी. वाचलेला तुकडा जेनबँक नावाच्या खुल्या भांडारातल्या नोंदींशी जुळवतात. तिथे ज्याने नोंद टाकली त्याने लिहिलेलं नाव असतं, आणि ३७ काट्यांच्या गटात जुन्या नोंदींवर चुकीची नावं आहेत. सगळ्यात वर आलेलं नाव उचलून अहवालात लिहायचं नाही. नोंद कोणत्या पक्ष्यातून, कोणत्या देशातून, तिच्या मागे रंगवलेली काचपट्टी ठेवली आहे का, हे पाहायचं. विदर्भातल्या कोंबड्यांचे नमुने काचपट्टीसह तिथे गेले तर पुढच्या माणसाचं काम सोपं होईल, आणि हे काम तुमच्यासारख्या गावात फिरणाऱ्या बाईशिवाय होत नाही. आमच्या खोलीत बसून तलावाची पाळ दिसत नाही.


पशुसखी_अर्जुनीमोरगाव

मॅडम, भाऊ, ताई, सगळ्यांचे आभार. काल गटाच्या बैठकीत हे वाचून दाखवलं. ठरलं असं की दव वाळेपर्यंत खुराडी बंद ठेवायची, सरीनंतर पण. पाळीवरच्या घरांनी कोंबड्यांना सकाळी आधी कुकूस आणि कणी घालायची, भुकेली कोंबडी सोडायची नाही. बदकं कोणी विकणार नाही. आजारी कोंबड्यांचं औषध डॉक्टर सांगतील तसं.

बायांनी एक गोष्ट विचारली. रोवणीच्या वेळेला बांधीत उतरलं की पायाला लाल पुरळ येते आणि रात्रभर खाजते. तुम्ही रक्तातल्या जंताचं लिहिलं, त्याचा याच्याशी संबंध आहे काय? आणि गोगलगायी धरायच्या तर कशा धरायच्या, माह्याकडे सूक्ष्मदर्शक नाही.


पर्णकृमी_अभ्यासक

संबंध असू शकतो. गुरांच्या आणि बदकांच्या शिस्टोसोमांची सर्केरिया गोगलगायीतून निघते आणि जनावर समजून माणसाच्या कातडीत शिरते. माणसात ती वाढत नाही, कातडीतच मरते, पण तिथे खाज आणि पुरळ उठते. धानात काम करणाऱ्यांत हे भारतात नोंदवलेलं आहे. खत-औषधानेही खाज येते, त्यामुळे पुरळ डॉक्टरला दाखवायलाच हवी. गोगलगायी धरताना मात्र रबरी हातमोजे आणि गमबूट घालाच, आणि हे काम लहान पोरांना सांगू नका.

सूक्ष्मदर्शक लागत नाही. प्रत्येक गोगलगाय वेगळ्या काचेच्या ग्लासात, विहिरीच्या स्वच्छ पाण्यात ठेवायची. नळाचं क्लोरीनचं पाणी नको. सकाळी उजेडात ठेवून ग्लासामागे काळा कागद धरला की पाण्यात हलणारे बारीक पांढरे कण दिसतात, त्या सर्केरिया. ज्या ग्लासात दिसतील ते पाणी न शिंपडता ड्रॉपरने खालचे कण उचलून लहान बाटलीत घ्यायचे, वरून ९५ टक्के अल्कोहोल. गोगलगायसुद्धा वेगळ्या बाटलीत ठेवायची, तिची जात आम्ही पाहू. ग्लासातलं उरलेलं पाणी उकळून मगच फेका.

कोंबडीतले जंत मिठाच्या पाण्यात धुऊन थेट त्याच अल्कोहोलमध्ये. फॉर्मलिनमध्ये कोणी ठेवायला सांगितलं तर नाही म्हणा, फॉर्मलिनने डीएनए तुटतो आणि नंतर वाचता येत नाही. प्रत्येक कोंबडीचे जंत वेगळे. आम्ही त्याच जंताच्या शेपटीकडचा तुकडा डीएनएसाठी घेतो आणि उरलेला रंगवून काचपट्टीवर ठेवतो, म्हणजे नाव आणि शरीर एकाच जंताचं राहतं.

पाठवायचं नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत, दोन्हीकडे परजीवीशास्त्र विभाग आहेत. आधी तुमच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून पत्र घ्या, विद्यार्थ्याच्या संशोधनात नमुना बसला तर गटाला खर्च पडणार नाही. गोगलगायी आता, पाऊस थांबल्यावर एकदा धरा, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी आटून त्या एका जागी गोळा होतात तेव्हा परत.

चिठ्ठी बाटलीच्या आत टाका : गाव, तलावाची कोणती बाजू, कोंबडी की बदक, कोणता अवयव, तारीख. लिहायचं पेन्सिलने. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग बाटली कोणाची ते कळत नाही.